स्वयंचलित इन्सुलिन लूपची संगणकावर चाचणी: कोऱ्या तक्त्यापासून सुरुवात

टाइप 1 मधुमेहात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. ते बाहेरून द्यावं लागतं, आणि किती द्यायचं याचा हिशेब चोवीस तास चालू ठेवावा लागतो. स्वयंचलित लूप हा हिशेब माणसाच्या डोक्यावरून उतरवतो. त्वचेखालचा सेन्सर दर 5 मिनिटांनी शुगर सांगतो, मधला अल्गोरिदम डोस ठरवतो आणि पंप तो देतो. या लेखात त्या मधल्या अल्गोरिदमची परीक्षा संगणकावर कशी घ्यायची ते पाहू. इंदूरमध्ये अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्र शिकणाऱ्यांसाठी हा लेख आहे, तसाच घरात टाइप 1 चं मूल आहे आणि लूप आतून कसा विचार करतो हे ज्यांना समजून घ्यायचंय अशा आईवडिलांसाठीही. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल, एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क पुरेसं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. इथे तयार होणारा तक्ता शिकण्यासाठी आहे. त्यातला एकही आकडा कोणाच्या खऱ्या डोससाठी वापरायचा नाही, मग तो कितीही बरोबर वाटो. त्यातला माणूस आपण रचलेला आहे, आणि तुमच्या घरातल्या माणसाचे आकडे त्याच्या डॉक्टरांकडे आहेत.

संगणकावरची चाचणी ही काही हौसेपुरती गोष्ट नाही. पूर्वी नवा अल्गोरिदम माणसावर वापरण्याआधी प्राण्यांवर तपासावा लागे. जानेवारी 2008 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) व्हर्जिनिया आणि पादुआ या दोन विद्यापीठांनी मिळून केलेलं सिम्युलेटर या प्राण्यांवरच्या चाचण्यांच्या जागी मान्य केलं. त्यात 300 आभासी रुग्ण होते: 100 प्रौढ, 100 किशोर, 100 लहान मुलं. वर्षांचं काम त्यामुळे काही दिवसांवर आलं. आपण त्याच वाटेवरचं अगदी छोटं मॉडेल बांधू आणि शेवटी मोठ्याकडे जाऊ. छोट्यापासून सुरुवात करण्याचं कारण असं की छोट्या मॉडेलची उत्तरं कागदावर पडताळता येतात. मोठ्या मॉडेलमध्ये चूक झाली तर तीही खरीच वाटते.

पायरी 1: आधी माणूस बांधा

अल्गोरिदमला हात लावायची घाई करू नका. आधी शरीर. एका वेगळ्या पानावर आपल्या काल्पनिक माणसाचे आकडे लिहा आणि सगळी सूत्रं त्या पानाकडेच बोट दाखवतील असं पाहा. सूत्रात थेट आकडा टाकला की पुढे पायरी 6 ला अडकाल.

आपला माणूस असा: 1 युनिट इन्सुलिननं शुगर 45 नं उतरते (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). 1 ग्रॅम कर्बोदकानं 4 नं चढते. म्हणजे 45 भागिले 4, साधारण 11.25 ग्रॅमला 1 युनिट. काही न खाता शुगर स्थिर ठेवायला तासाला 0.9 युनिट बेसल (पंप सतत थोडं थोडं देतो ते इन्सुलिन) लागतं, म्हणजे दर 5 मिनिटांना 0.075 युनिट. याचाच दुसरा अर्थ असा की यकृत दर 5 मिनिटांना 0.075 × 45 = 3.375 इतकी शुगर रक्तात सोडतं.

एक ओळ म्हणजे 5 मिनिटं, एक दिवस म्हणजे 288 ओळी. निदान तीन दिवस चालवा, म्हणजे 864 ओळी. रकाने हे:

वेळ, खाल्लेले ग्रॅम, पंपाने दिलेले युनिट. हे तीन आधी.
पोट 1 = मागचं पोट 1 × 7/8 + मागच्या ओळीत खाल्लेले ग्रॅम.
पोट 2 = मागचं पोट 2 × 7/8 + मागचं पोट 1 ÷ 8.
साठा 1 = मागचा साठा 1 × 14/15 + मागच्या ओळीत दिलेले युनिट.
साठा 2 = मागचा साठा 2 × 14/15 + मागचा साठा 1 ÷ 15.
शुगर = मागची शुगर + 4 × (मागचं पोट 2 ÷ 8) − 45 × (मागचा साठा 2 ÷ 15) + 3.375.

8 आणि 15 कुठून आले? जेवणाचा जोर 40 मिनिटांच्या आसपास आणि त्वचेखाली दिलेल्या जलद इन्सुलिनचा 75 मिनिटांच्या आसपास सर्वात जास्त असतो असं आपण धरलंय. 40 भागिले 5 म्हणजे 8, 75 भागिले 5 म्हणजे 15. दोन-दोन कप्पे घेतले, कारण एकच कप्पा घेतला तर इन्सुलिन टोचल्या क्षणी पूर्ण जोरात काम करायला लागतं, आणि खरं इन्सुलिन तसं कधीच वागत नाही. लूपची सगळी अडचण या उशिरातच आहे. तो उशीर मॉडेलमधून गेला तर अगदी सामान्य अल्गोरिदमसुद्धा हुशार दिसेल.

प्रत्येक रकान्यात उजवीकडे फक्त मागच्या ओळीचे आकडे आहेत याची खात्री करा. तक्त्याने वर्तुळाकार संदर्भाची तक्रार केली तर कुठेतरी त्याच ओळीचा आकडा घुसलाय.

पायरी 2: ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत असे प्रश्न विचारा

सेन्सर नाही, अल्गोरिदम नाही. पंप सतत 0.075 देतोय आणि शुगर 110 पासून सुरू. पहिल्या ओळीत साठा 1 आणि साठा 2 दोन्हींत 1.125 युनिट लिहा (0.075 × 15). शुगर तिन्ही दिवस 110 वर सरळ रेघ दिसली पाहिजे. हे दोन साठे रिकामे ठेवून सुरुवात केली तर शुगर चढत चढत 211 वर जाऊन थांबेल, कारण 2.25 युनिटांची तूट × 45 = 101. नवशिक्यांच्या तक्त्यात ही चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि लूप जोडल्यावर ती लपते: लूप बिचारा पहिले चार तास ती तूट भरत बसतो आणि आपल्याला वाटतं तो आळशी आहे.

मग 1 युनिटचा बोलस (एकाच वेळी दिलेला डोस) द्या. शुगर 110 वरून हळूहळू 65 कडे जाईल. 2 तासांनी त्यातलं साधारण 52 टक्के इन्सुलिन अजून शिल्लक असेल, 4 तासांनी 16 टक्के, 6 तासांनी 4 टक्के. पुढे बोलस काढून 20 ग्रॅम खाऊ घाला: शुगर 190 वर जाऊन थांबेल. ती आपोआप खाली येणार नाही, कारण या माणसाला इन्सुलिनशिवाय दुसरा आधारच ठेवलेला नाही.

आता यातली सर्वात महत्त्वाची तपासणी: पंप पूर्ण बंद करा. बहुतेकांची अपेक्षा असते की शुगर लगेच चढेल. तक्ता सांगेल की पहिल्या तासात ती जेमतेम 2.5 नं वाढते, दोन तासांत 16 नं, चार तासांत 71 नं. पुढे तासाला 40 चा वेग पकडते. शुगर 75 असताना आणि वेगाने उतरत असताना बेसल थांबवणं का पुरत नाही, आणि अशा वेळी तोंडात साखर का घालावी लागते, हे या चार आकड्यांत आहे. लूपचा ब्रेक तासाभराने लागतो. तो ब्रेक कितीही हुशारीने दाबला तरी हे बदलत नाही.

शेवटची पडताळणी जेवणाची. 75 ग्रॅम आणि त्यासाठी 6.67 युनिट, दोन्ही एकाच ओळीत. शुगर पावणेदोन तासांच्या आसपास 213 ला टेकून परत 110 वर येते. तोच बोलस 15 मिनिटं आधी दिला तर टोक 193. 15 मिनिटं उशिरा दिला तर 235. तुमचे आकडे यापासून चार-पाचपेक्षा जास्त दूर असतील तर पुढे जाऊ नका, सूत्रं पुन्हा वाचा.

पायरी 3: सेन्सर

सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, त्वचेखालच्या द्रवातली मोजतो. म्हणून तो मागे असतो. दोन ओळींचा, म्हणजे 10 मिनिटांचा उशीर धरा. त्यात चूक मिसळा, पण दर ओळीला नवी स्वतंत्र चूक टाकू नका. खरा सेन्सर एकदा वर वाचायला लागला की काही वेळ वरच वाचत राहतो. म्हणून: चूक = 0.7 × मागची चूक + नवा यादृच्छिक आकडा, ज्याचं प्रमाण विचलन 6. यातून एकूण चूक साधारण 8 च्या विचलनाची होते. स्वतंत्र चुका अल्गोरिदम सहज सरासरीत विरघळवतो. चिकटून राहणाऱ्या चुका त्याला खरोखर फसवतात.

यादृच्छिक आकडे एकदा तयार झाले की ते कॉपी करून फक्त मूल्यं म्हणून पेस्ट करा. नाहीतर तक्त्यात कुठेही बोट लावलं की सगळे आकडे बदलतात, आणि सकाळचा निकाल दुपारी पुन्हा मिळत नाही. दोन अल्गोरिदमांची तुलना करताना दोघांनाही तंतोतंत त्याच चुका द्या.

सेन्सरचा रकाना 40 ते 400 मध्ये अडवा, कारण अनेक सेन्सर त्यापलीकडे आकडा दाखवत नाहीत. मात्र खऱ्या शुगरचा रकाना अडवू नका. ती उणे 30 झाली तर होऊ द्या. जिवंत माणसात असं होत नाही, पण तो आकडा तुम्हाला अपघात किती मोठा होता ते सांगतो. 40 वर अडवलेला रकाना तो लपवतो.

पायरी 4: लूप, आणि त्याची स्वतःची वही

शरीराच्या साठा 1 आणि साठा 2 मध्ये काय आहे हे खऱ्या लूपला कधीच दिसत नाही. त्याला फक्त दोन गोष्टी ठाऊक असतात: सेन्सरचा आकडा आणि आपण पंपाला काय सांगितलं. म्हणून त्याला वेगळ्या पानावर स्वतःचे कप्पे द्या. त्यात दर ओळीला (सांगितलेले युनिट − 0.075) जातील आणि तेच 14/15 चे नियम चालतील. दोन्ही कप्प्यांची बेरीज म्हणजे अंगातलं शिल्लक इन्सुलिन, ज्याला लूप वापरणारे आयओबी म्हणतात. ते उणेही असू शकतं, बेसल थांबवलेलं असेल तेव्हा. जेवणासाठीही तसेच दोन कप्पे (7/8 च्या नियमाचे), पण त्यात खाल्लेले ग्रॅम न टाकता सांगितलेले ग्रॅम टाका. हे दोन आकडे रोजच्या जगण्यात क्वचितच जुळतात.

नियम असा ठेवा. अंदाज = सेन्सर − 45 × आयओबी + 4 × पोटात शिल्लक सांगितलेले ग्रॅम. गरज = (अंदाज − 110) ÷ 45. पुढच्या अर्ध्या तासात ती गरज भागवायची, म्हणून तासाचा दर = 0.9 + 2 × गरज. दर शून्याखाली जाणार नाही आणि 2.7 च्या वर जाणार नाही. सेन्सर 70 च्या खाली असेल तर दर शून्य. ओपनएपीएस या खुल्या प्रकल्पात 2015 पासून वापरात असलेली मूळ कल्पना याच घराण्यातली आहे. तिथे ही तात्पुरती बेसल 30 मिनिटांची असते आणि नवा आदेश आला नाही तर पंप आपोआप नेहमीच्या दरावर परततो.

एक उदाहरण हाताने करून पाहा. सेन्सर 200, आयओबी 0.5, पोट रिकामं. अंदाज 177.5, गरज 1.5 युनिट, दर 3.9, मर्यादा लागून 2.7. म्हणजे या ओळीत 0.225 युनिट. तक्त्याचं उत्तर यापेक्षा वेगळं आलं तर चूक सूत्रात आहे.

आता मुद्दाम दोन तुकडे काढून पाहा. पोटाच्या ग्रॅमचा तुकडा काढला तर जेवणाचा 6.67 युनिटांचा बोलस देताच अंदाज उणे 190 येतो आणि ऐन जेवणात लूप बेसल बंद करतो. आयओबीचा तुकडा काढला तर धोका जास्त मोठा आहे. 200 पासून सुरू करा. लूप दर वेळी फक्त आजचा आकडा पाहतो, अजून वाढलेलाच आहे म्हणतो आणि देत राहतो. साधारण अडीच तासांनी शुगर 150 च्या खाली येते तेव्हा अंगात 3 युनिटांहून जास्त जादा इन्सुलिन शिल्लक असतं, म्हणजे अजून 150 नं उतरण्याइतकं. तिथून परतायला लूपकडे फक्त तो तासाभराने लागणारा ब्रेक आहे. इन्सुलिनवर इन्सुलिन रचणं म्हणजे काय ते या आलेखात दिसेल, आणि ते एकदा नीट पाहिलं की आयओबीची वजावट कोणी 'सोपं करण्यासाठी' म्हणून काढणार नाही.

पायरी 5: इंदूरचे दिवस

परदेशी उदाहरणांत तीन वेळचं ठरलेलं जेवण असतं: 45, 70, 80 ग्रॅम, घड्याळाच्या काट्यावर. असा दिवस पास झाल्याने काही सिद्ध होत नाही. आपला लूप आपल्या ताटावर तपासा. खालचे ग्रॅम हे चाचणीसाठी धरलेले आकडे आहेत; घरच्या वाटीचे आकडे घरी वजन करून काढा.

सकाळी 8 वाजता पोहे-जिलबी: पोह्यांचे 45 ग्रॅम, जिलबीचे 30. जिलबीसाठी वेगळे पोट-कप्पे ठेवा आणि 8 च्या जागी 5 घ्या, कारण पाकातली साखर फार लवकर चढते. बोलस फक्त पोह्यांचा सांगा. जिलबी 'एकच घेतली' म्हणून न सांगता राहते, हे घरोघरी होतं आणि लूपला ते झेपलं पाहिजे. संध्याकाळी 5 ला न सांगितलेली शिकंजी, 30 ग्रॅम. इंदूरची शिकंजी लिंबाच्या सरबतासारखी नसते, ती दुधाची आणि घट्ट असते. म्हणून 8 चे 12 करा.

दाल-बाफल्याचा रविवार सर्वात शिकवणारा. 60 ग्रॅम धरा, पण तुपामुळे पोट हळू रिकामं होतं म्हणून 8 च्या जागी 18. बोलस नेहमीसारखा. दोन तासांनी माणसाच्या पोटात 61 टक्के शिल्लक आहेत आणि लूपच्या वहीत फक्त 18 टक्के. लूपला वाटतं जेवण संपलं, इन्सुलिन उरलंय, धोका आहे. तो बेसल थांबवतो. खरं जेवण उरलेलंच असतं, आणि त्या थांबवलेल्या बेसलची किंमत उशिरा चढलेल्या शुगरनं चुकते. आलेखात आधी किंचित उतार आणि मग लांबट चढ दिसला तर लूपचं गणित बरोबर आहे, त्याला मिळालेली माहिती चुकीची आहे. अशा वेळी लूपची कमाल मर्यादा वाढवण्याचा मोह होतो. तो आवरा. उपाय बोलस दोन भागांत विभागण्यात आहे. तेही तक्त्यात करून पाहता येईल.

मग सराफा, म्हणजे रात्रीचा खाऊबाजार. रात्री साडेअकराला भुट्ट्याचा कीस, जलेबा, थंडीत गराडू, एकूण 50 ग्रॅम, हळू पचणारे, काहीही न सांगता, आणि अर्ध्या तासात झोप. या चाचणीत पहाटे 2 ते 6 चा भाग पाहा. लूपनं मध्यरात्री घाईने दिलेलं इन्सुलिन पहाटे काम करत असतं, आणि तेव्हा घरात कोणी जागं नसतं.

उपवासाच्या दोन तऱ्हा वेगळ्या ठेवा. निर्जळी दिवस बेसलची कसोटी घेतो. साबुदाण्याचा उपवास हा नेहमीच्या दिवसापेक्षा जास्त कर्बोदकांचा असतो. दोन्हींना 'उपवास' म्हणून एकच सेटिंग लावलं तर एक तरी दिवस बिघडणारच.

रंगपंचमीच्या गेरीसाठी (रंगांच्या मिरवणुकीसाठी) व्यायामाची चाचणी लिहा. राजवाड्याच्या परिसरात तीन-चार तास चालणं आणि नाचणं म्हणजे इन्सुलिनला शरीर जास्त प्रतिसाद देतं. सकाळी 10 पासून माणसाचा 45 चा आकडा 67.5 करा आणि तो रात्री 12 पर्यंत ठेवा, कारण हा परिणाम नाचणं थांबल्यावरही टिकतो. लूपच्या वहीत 45 च राहू द्या. आणि यकृताचा 3.375 मुळीच बदलू नका. तो जर तुम्ही '0.075 × प्रतिसाद' असा सूत्राने जोडला असेल तर 45 चे 67.5 झाल्यावर यकृतही आपोआप तितकंच वाढतं आणि उपाशीपोटी काहीच फरक पडत नाही. नीट बांधलेल्या तक्त्यात, लूप बंद असताना, बेसल चालू ठेवून शुगर तासाला 20 नं उतरते.

पायरी 6: एक माणूस पुरत नाही

आतापर्यंत लूपच्या वहीतले आकडे माणसाच्या आकड्यांशी जुळत होते. असा लूप पास होणारच, उत्तरपत्रिका त्याच्या हातात आहे. आता लूप तसाच ठेवून माणूस बदला. इन्सुलिनचा प्रतिसाद 30, 45, 65. बेसलची गरज (म्हणजे यकृताचा आकडा) 30 टक्के कमी, तेवढीच, 30 टक्के जास्त. इन्सुलिनचा वेग 12, 15, 18. आणि जेवण सांगण्यातली चूक 30 टक्के कमी, बरोबर, 30 टक्के जास्त. चार गोष्टी, प्रत्येकी तीन पर्याय: 81 माणसं. प्रत्येकाला एकेक पान देऊ नका, माणसाचे आकडे बदलून निकालाची एक ओळ वेगळ्या पानावर साठवा. इथे पायथॉन येत असेल तर काम तासाभराचं, तक्त्यात एका संध्याकाळचं.

प्रत्येकाच्या सुरुवातीच्या साठ्यांचे आकडे पुन्हा काढायला विसरू नका. वेग 12 असेल तर सुरुवातीचा साठा 0.075 × 12 = 0.9 होतो. आणि पहिल्या दिवसाच्या ओळी निकालात धरू नका, तो दिवस माणूस आणि लूप एकमेकांशी जुळण्यात जातो.

पायरी 7: बिघाड घडवा

कॅन्युला (पंपातून त्वचेखाली जाणारी बारीक नळी) बंद पडणं आधी घ्या. रात्री 11 पासून शरीराच्या साठा 1 मध्ये शून्य जाऊ द्या, पण लूपच्या वहीत सांगितलेले युनिट जातच राहोत. लूपला वाटतं आयओबी भरपूर आहे, म्हणून शुगर चढत असूनही तो आवरता हात ठेवतो. तुमच्या अल्गोरिदममध्ये 'दोन तास अंदाजापेक्षा सतत वर, म्हणजे काहीतरी बिघडलंय' असा इशारा आहे का? नसेल तर हाच तो लिहिण्याचा क्षण. आपल्या मॉडेलला कीटोन (इन्सुलिन नसताना रक्तात साचणारी आम्लं) ठाऊक नाहीत. खऱ्या माणसात या रात्रीचा मुख्य धोका तोच असतो.

झोपेत अंगाखाली दाबला गेलेला सेन्सर, जो खोटा कमी आकडा दाखवतो: रात्री 3 वाजता सहा ओळी सेन्सरमधून 40 वजा करा. लूप बेसल थांबवेल. ते ठीक आहे, पण सेन्सर पूर्ववत झाल्यावर तो भरपाई करताना जास्त तर देत नाही ना ते पाहा. मग सिग्नल गेलेला तास: सेन्सर रिकामा. इथे रिकामी जागा म्हणजे शून्य असं तक्ता धरतो आणि लूप घाबरून पंप बंद करतो. रिकाम्या जागेसाठी वेगळा नियम हवा: नेहमीची 0.9 बेसल, आणि काहीही जास्तीचं नाही.

भारतात एक खास चूक तपासावी लागते. आपल्याकडे 40 युनिट प्रति मिलिलिटरच्या कुप्या सर्रास मिळतात, पंप मात्र 100 चं इन्सुलिन धरून मोजतो. चुकीची कुपी भरली गेली तर सांगितलेल्या प्रत्येक युनिटामागे 0.4 च पोहोचतं. शरीराच्या साठ्यात जाणाऱ्या आकड्याला 0.4 नं गुणा आणि लूप ते ओळखतो का पाहा. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तापलेल्या इन्सुलिनचा जोर कमी होतो. तिसऱ्या दिवशी 0.8 नं गुणून तीही चाचणी होते. परदेशी डेटा घेतला असेल तर एककं पाहा: तिथले मिलिमोल 18 नं गुणल्यावर आपले आकडे होतात. 6.1 म्हणजे 110. हा गुणाकार राहून गेला तर लूप सगळ्यांना बेशुद्ध समजतो.

पायरी 8: निकाल मोजणं

मोजताना खऱ्या शुगरचा रकाना घ्या, सेन्सरचा नाही. 2019 च्या आंतरराष्ट्रीय सहमतीतली बहुतेक प्रौढांसाठीची उद्दिष्टं अशी: 70 ते 180 मध्ये 70 टक्क्यांहून जास्त वेळ, 70 खाली 4 टक्क्यांहून कमी, 54 खाली 1 टक्क्याहून कमी, 250 वर 5 टक्क्यांहून कमी. आपल्या 288 ओळींच्या दिवसात याचा अर्थ: 70 ते 180 मध्ये निदान 202 ओळी, 70 खाली जास्तीत जास्त 11, 54 खाली जास्तीत जास्त 2, आणि 250 वर 14. काउंटइफ सूत्र हे काम करतं.

81 जणांची सरासरी काढून खूश होऊ नका. 80 जण उत्तम आणि एक जण रात्रभर 45 वर, ही सरासरी सुंदरच दिसते. निकालाचं पान 54 खालच्या ओळींनुसार उतरत्या क्रमाने लावा आणि सगळ्यात वरच्या पाच माणसांचे आलेख डोळ्यांनी पाहा. सोबत 'सलग किती ओळी 70 खाली' हा रकाना ठेवा: दिवसभर विखुरलेली 11 पाच-मिनिटं आणि पहाटेची सलग 55 मिनिटं ही एकच गोष्ट नव्हे. आमच्या मते सुरक्षिततेची अट आधी लावावी आणि 70 ते 180 चा टक्का फक्त ती पार केलेल्या अल्गोरिदमांत तुलना करायला वापरावा.

पायरी 9: मोठ्या मॉडेलकडे

आपला माणूस सरळ रेषेत वागतो. खरं शरीर तसं नाही: शुगर खूप वाढली की ती लघवीवाटे जाते, खूप घटली की यकृत मदतीला येतं, पहाटे गरज वाढते. याच्या पुढची पायरी म्हणजे पायथॉनमधलं 'सिमग्लुकोज'. ते मोफत आणि खुलं आहे, व्हर्जिनिया-पादुआच्या 2008 च्या आवृत्तीवर आधारलेलं आहे, आणि त्यात 30 आभासी रुग्ण मिळतात: 10 किशोर, 10 प्रौढ, 10 मुलं. बेसल-बोलस आणि पीआयडी (शुगर लक्ष्यापासून किती दूर आहे ते पाहून डोस बदलत राहणारा) असे दोन तयार नियंत्रक आहेत; स्वतःचा अल्गोरिदम त्यांच्या जागी बसवता येतो. केंब्रिजच्या होव्होर्काचं 2004 चं मॉडेल स्वतः लिहून पाहणं हाही चांगला सराव आहे, त्याची समीकरणं वाचायला सोपी आहेत.

सिमग्लुकोजमध्ये नवखे अडकतात ते एककांवर. तिथे इन्सुलिन दर मिनिटाला युनिटमध्ये द्यावं लागतं, तासाला नाही. तासाचा आकडा तसाच दिला तर रुग्णाला 60 पट डोस जातो आणि आलेख सरळ खाली कोसळतो. रुग्णाची बेसल पिकोमोल प्रति किलो प्रति मिनिट अशी दिलेली असते. वजनाने गुणून 6000 ने भागलं की मिनिटाचे युनिट मिळतात. तिथला डेक्सकॉम सेन्सर दर 3 मिनिटांनी वाचतो, म्हणून 5 मिनिटांसाठी लिहिलेले 14/15 चे कप्पे तसेच उचलून नेऊ नका, 15 च्या जागी 25 घ्या. आणि जेवण तिथे एका क्षणात पोटात जात नाही, मिनिटाला 5 ग्रॅम या वेगाने खाल्लं जातं, म्हणून 75 ग्रॅमच्या ताटाला 15 मिनिटं लागतात.

तिथेही पायरी 2 च करा: जेवण नाही, फक्त बेसल, आणि रेघ सपाट राहते का ते पाहा. मग प्रत्येक धावेसाठी रुग्णाचं नाव, यादृच्छिक आकड्यांचं बीज (सीड, ज्यामुळे तेच आकडे पुन्हा मिळतात), जेवणांची यादी, अल्गोरिदमची आवृत्ती आणि निकालाची फाइल एका ओळीत नोंदवा. बीज नोंदवलं नाही तर सर्वात वाईट रात्र पुन्हा घडवता येत नाही, आणि दुरुस्तीला हवी असते नेमकी तीच रात्र.